घरच्या रेकॉर्डिंगसाठी परवडणारी सिंबल्स: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंबल्स म्हणजे ड्रमसेटवरच्या धातूच्या तबकड्या. त्यांच्याबद्दल ड्रम शिकणारे, त्यांचे आईवडील आणि फ्लॅटच्या एका खोलीत माइक मांडून बसलेले हौशी लोक सतत जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. आयात मालाचे भाव सारखे हलतात, त्यामुळे रुपयांतले आकडे दिलेले नाहीत. आधी कशावर खर्च करायचा, हे मात्र भाव बदलले तरी बदलत नाही.

१. ड्रमसेट घेतला, पण सोबत सिंबल्स आली नाहीत. कमीत कमी काय लागेल?

१४ इंची हाय-हॅटची जोडी (पायाने उघड-बंद होणारी दोन सिंबल्स) आणि एक १८ इंची पातळ क्रॅश (ठसक्यासाठी वाजवायचं सिंबल). एवढ्यात बहुतेक गाणी वाजतात, कारण पातळ १८ इंची क्रॅश काठीच्या टोकाने हलका वाजवला तर राइडचंही (सलग ठेका धरायच्या मोठ्या सिंबलचं) काम भागवतो. २० इंची राइड नंतर आणा. हाय-हॅटचा स्टँड, क्लच (वरचं सिंबल दांड्याला पकडणारा) आणि एक बूम स्टँड (तिरक्या दांड्याचा) यांचे पैसे वेगळे धरा. सिंबल्स आली आणि लावायला स्टँडच नाही, असं पुष्कळांचं होतं.

२. पितळी, बी८, बी२० हे काय प्रकरण आहे?

धातूचं मिश्रण. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. स्वस्त सिंबल्समध्ये ते साधारण ६३ टक्के तांबं, ३७ टक्के जस्त असतं. बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. बी२० मध्ये कथील २० टक्के. आपल्या कांस्याच्या टाळांमध्येही कथील जवळपास एवढंच असतं, त्यामुळे हा आवाज आपल्या कानांना परका नाही.

पितळी सिंबल आणि बी८ सहसा लाटलेल्या पत्र्यातून कापतात, म्हणून स्वस्त पडतात आणि एकाच मॉडेलचे नग एकमेकांसारखे वाजतात. बी२० साधारणपणे ओतून, तापवून, पुन्हा पुन्हा लाटून बनतं. मेहनत जास्त, किंमतही जास्त. आवाजात फरक असा की पितळ लगेच थांबतं आणि एकाच सुरात 'टण्' करतं, बी८ चकचकीत आणि थेट वाजतं, बी२० मध्ये एका फटक्यातून बरेच सूर मिसळून निघतात.

पण 'बी२० म्हणजे उत्तम, बी८ म्हणजे हलकं' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पायस्ते या कंपनीची २००२ ही मालिका बी८ चीच आहे, १९७१ पासून चालू आहे, आणि लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जॉन बोनमसारख्या ड्रमरने ती वाजवली आहे.

३. म्हणजे पितळी सिंबल घेऊच नये का?

सहा महिने फक्त सराव करायचा असेल तर घ्या. रेकॉर्डिंग हाच उद्देश असेल तर पितळी हाय-हॅट टाळा, पितळी क्रॅश एक वेळ चालून जाईल. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

४. बजेट अगदी थोडकं आहे. सगळ्यात आधी पैसे कशावर घालू?

हाय-हॅटवर. सिंबल्ससाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील, त्यातले निम्मे हाय-हॅटवर गेले तरी हरकत नाही.

एखादं साधं गाणं घ्या आणि मोजा. क्रॅश वाजतो कडव्याच्या सुरुवातीला, धृपदाच्या तोंडाशी, शेवटी. हाय-हॅट वाजतो प्रत्येक मात्रेला, बऱ्याचदा मात्रेच्या मध्येही. शिवाय तो स्नेअरच्या (वादकासमोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) अगदी शेजारी उभा असतो, त्यामुळे स्नेअरच्या माइकमध्येही तोच घुसतो. वाईट क्रॅश ऐकणारा सहन करतो. वाईट हाय-हॅट तीन मिनिटं कानात टोचत राहतो.

दुसरं कारण मिक्सिंगचं. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर खराब रेकॉर्ड झाले तर त्यांच्या जागी चांगले सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले ठोके) लावता येतात, आणि मोठमोठ्या स्टुडिओंतही तसं सर्रास करतात. सिंबल्सचं तसं होत नाही. त्यांचा आवाज लांबतो, एकमेकांत मिसळतो, सगळ्या माइकमध्ये पसरतो. तिथे सॅम्पल चिकटवला की जुना आवाज खाली ऐकू येतच राहतो. म्हणून साधा ड्रमसेट आणि बरी सिंबल्स असलेलं रेकॉर्डिंग नंतर सावरता येतं, महागडा ड्रमसेट आणि पत्र्यासारखी सिंबल्स असलेलं सावरत नाही. दुकानदार सहसा उलटं विकतात: झगमगीत रंगाचा सेट, आणि सोबत 'फ्री' पितळी सिंबल्स.

५. सिंबल्सचा पूर्ण पॅक स्वस्त पडतो. तोच का घेऊ नये?

बी८ चा पॅक असेल आणि क्रॅश-राइड दोन्ही खरंच लागणार असतील, तर पॅक हा चांगला सौदा आहे. पितळी पॅकच्या पैशात मात्र पुष्कळदा बी८ ची हाय-हॅट जोडी सुटी मिळते. मी तीच घ्यायला सांगेन. क्रॅश दोन महिन्यांनी आला तर काही बिघडत नाही. त्या दोन महिन्यांत हाय-हॅट उघडा-बंद नीट वाजवायला शिकलात तर रेकॉर्डिंगचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

६. कोणती कंपनी? झिल्जियन घेतलं की निर्धास्त ना?

कंपनीच्या नावापेक्षा मालिकेचं नाव वाचा. झिल्जियनची परंपरा १६२३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलपर्यंत मागे जाते, पण त्यांचीच प्लॅनेट झी ही मालिका पितळी आहे. त्यांची आय मालिका बी८ ची, एस मालिका बी१२ ची. सेबियनमध्ये एसबीआर पितळी, बी८एक्स नावाप्रमाणे बी८, आणि एक्सएसआर बी२०. माइनलची एचसीएस पितळी, एचसीएस ब्राँझ बी८. पायस्तेत १०१ आणि पीएसटी ३ पितळी, पीएसटी ५ आणि पीएसटी ७ बी८.

आता गंमत बघा: चारही कंपन्यांच्या नावाने पितळ मिळतं आणि चारही कंपन्यांच्या नावाने कांसं मिळतं. 'अमुक कंपनीचं आहे' या एका वाक्यावर पैसे देऊ नका. चिनी बनावटीची बी२० सिंबल्सही बाजारात येतात आणि त्या किमतीला चांगली असतात, फक्त प्रत्येक नग वेगळा वाजतो. ती न ऐकता मागवू नयेत.

७. खोली लहान आहे, म्हणून लहान सिंबल्स घेऊ का?

नको. लहान सिंबल म्हणजे उंच सूर, आणि लहान खोलीत तोच आधी टोचतो. इथे व्यासापेक्षा जाडी बघायची. पातळ सिंबल कमी जोरात खुलतं, लवकर विझतं आणि माइकला गोड लागतं. जाड सिंबल मोठ्या मैदानावर गिटारच्या भिंतीतून आवाज बाहेर काढण्यासाठी असतं. ते दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये आणलं की घरातले आधी उठून जातात.

१६ इंची पातळ क्रॅश साधारण एक किलोच्या आसपास भरतो. नावात 'थिन' किंवा 'पेपरथिन' असेल तर ठीक. 'रॉक', 'हेवी', 'पॉवर' असे शब्द दिसले की पुढच्या सिंबलकडे वळा.

८. दुकानात छान वाटलं, घरी रेकॉर्ड केलं की पत्रा वाजल्यासारखं का येतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला जवळजवळ नेहमीच नवीन सिंबल घ्यायचं असतं. थांबा. आधी चार गोष्टी तपासा.

पहिली, छत. आपल्या फ्लॅटचं छत नऊ-साडेनऊ फुटांचं. ओव्हरहेड, म्हणजे ड्रमसेटच्या वरचा माइक उंच टांगला की तो छताच्या अगदी जवळ जातो. सिंबलचा आवाज एकदा थेट आणि एकदा छतावरून आपटून थोडा उशिरा येतो, आणि दोन्ही मिसळून तो पोकळ, शिट्टीसारखा आवाज तयार होतो. माइक खाली आणा आणि त्याच्या वर छताला रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचं) पॅनल लावा. ते जमत नसेल तर किटच्या मागच्या भिंतीला गादी उभी करा, खाली जाड सतरंजी, खिडकीला गोधडी. लोखंडी कपाट आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या सिंबलबरोबर थरथरतात. कपाटाचं दार उघडं-बंद करून वाजवून बघा, तुमचा 'पत्रा' तिथेच निघायचा.

दुसरी, माइक. स्वस्त कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणाऱ्या, वीज लागणाऱ्या) माइकमध्ये वरच्या पट्ट्या, म्हणजे उंच सूर, आधीच उचललेल्या असतात. पितळी सिंबल आणि असा माइक ही जोडी कुणालाही चांगली वाजवता येणार नाही. साधा डायनॅमिक माइक (गायक स्टेजवर हातात धरतात तसा) ओव्हरहेड म्हणून लावून बघा, आवाज बसका येईल पण टोचणार नाही.

तिसरी, हात. सिंबल आरपार मारायचं नसतं, कडेवरून तिरका घसरता फटका द्यायचा. आणि ड्रमपेक्षा सिंबल हळू वाजवायचं. अनुभवी वादकाचं रेकॉर्डिंग चांगलं येतं त्यात या तोलाचा वाटा मोठा असतो. नायलॉनच्या टोकाच्या काठ्या असतील तर लाकडी टोकाच्या घ्या. फरक लगेच कळतो, आणि हा उपाय स्वस्तही आहे.

चौथी, चिकटपट्टी. सिंबलच्या खालच्या बाजूला, बेलजवळ (मधल्या फुगीर भागाजवळ) कापडी टेपचा बोटभर तुकडा लावला की नको असलेला लांब सूर आटोक्यात येतो. वरून लावलात तर काठी तिथे अडते.

एवढं करूनही टोचत असेल तर ईक्यूमध्ये (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायच्या सोयीत) ३ ते ६ किलोहर्ट्झच्या दरम्यान अरुंद पट्टी शोधून थोडी खाली घ्या. मग नवीन सिंबलचा विचार करा.

९. दोनच इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे. सिंबल्ससाठी वेगळा माइक कसा लावू?

लावू नका. एक माइक किकला, एक डोक्यावर. वरचा माइक वादकाच्या उजव्या खांद्यामागून स्नेअरकडे बघणारा ठेवलात तर सिंबल्स, टॉम (बाकीचे ड्रम), स्नेअर सगळं तोलात येतं. कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला मिळणारी वीज) चालू करायला विसरू नका. सगळ्यात मोठा क्रॅश वाजवून लेव्हल लावा, मीटरवरचं उंच टोक उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

चार इनपुट झाले की दोन ओव्हरहेड. दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. मोजपट्टी नसेल तर सुतळीने मोजा. एक मीटरचा फरक म्हणजे जवळपास ३ मिलिसेकंदांचा उशीर, आणि तेवढ्यात स्नेअर पातळ होतो.

१०. स्नेअरच्या माइकमध्ये स्नेअरपेक्षा हाय-हॅटच जास्त येतो!

हाय-हॅटचा स्टँड चार बोटं लांब सरकवा आणि चार बोटं उंच करा. स्नेअरच्या माइकची पाठ हाय-हॅटकडे येईल असा तो फिरवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो. उरलेलं काम हाताच्या तोलाचं आहे (प्रश्न ८). हाय-हॅटला वेगळा माइक लावायचा मोह आवरा, तो आधीच सगळीकडे पोचलेला आहे.

११. सोसायटीत तक्रार येते. कायदा काय म्हणतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. उघड्या खिडकीच्या खोलीतला ड्रमसेट ही मर्यादा सहज ओलांडतो. क्रॅश जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. तेव्हा 'दिवसा वाजवतो, मग काय हरकत' हा मुद्दा सेक्रेटरीसमोर टिकणार नाही.

वाद कुणाशी आहे हे आधी ओळखा. खालच्या मजल्याला किकचा धक्का जाणवतो, तो फरशीतून जातो; किटखाली जाड रबर आणि लाकडी फळी घालून तो कमी होतो. शेजारच्यांना आणि समोरच्या विंगला सिंबल्स ऐकू जातात, ती हवेतून, खिडकीच्या फटींतून. म्हणजे खिडक्यांच्या फटी बुजवणं हा सिंबलचा उपाय आहे, खालच्या काकूंचा नाही. बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आणि दुपारच्या झोपेच्या वेळी वाजवणं बंद ठेवलंत, आणि रेकॉर्डिंगची वेळ आधी कळवलीत, तर बहुतेक तक्रारी तोंडीच मिटतात.

याच कारणाने कान सांभाळा. बंद खोलीत इअरप्लगशिवाय वाजवू नये, मुलांनी तर मुळीच नाही.

१२. जाळीची लो-व्हॉल्यूम सिंबल्स रेकॉर्डिंगला चालतील का?

सरावाला उत्तम, रेकॉर्डिंगला नाही. असंख्य बारीक भोकांमुळे आवाज खूप कमी होतो, पण फुगणारा, पसरणारा भागही त्याच भोकांतून निघून जातो. माइक जवळ नेऊन वाढवलात तर नुसता 'स्स' येतो. रोजच्या सरावाला जाळीची, आणि ठरलेल्या दिवशी रेकॉर्डिंगसाठी खरी, ही व्यवस्था चालते. ज्यांना हाही पर्याय नाही त्यांनी इलेक्ट्रॉनिक किट घ्यावं. किकच्या धक्क्याचा मुद्दा तिथेही सुटत नाही (प्रश्न ११).

१३. जुनी सिंबल्स घेताना काय बघायचं?

माझ्या मते कमी बजेटवाल्याने जुन्याच बाजारात फिरावं. बी२० सिंबल नीट वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं, आणि जुनं बी२० पुष्कळदा नव्या बी८ च्या भावात मिळतं. शहर सोडणारे, आयटीची नोकरी लागल्यावर ड्रम माळ्यावर गेलेले, चर्चच्या बँडमधले लोक विकतात. बेंजो पार्टी किंवा ऑर्केस्ट्रातलं सिंबल असेल तर जास्त बारकाईने तपासा, कारण मिरवणुकीत ते जोरात वाजलेलं असतं.

उजेडात न्या. कडेवरून नख फिरवा. केसाएवढा तडाही नखाला अडतो. मधलं भोक बघा: गोल असायला हवं. किल्लीच्या भोकासारखं एका बाजूला लांबलं असेल तर सिंबल बुशशिवाय (भोकात बसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीशिवाय) वाजवलंय, भाव पाडा. सिंबल डोळ्यांच्या रेषेत धरून कड वाकडी आहे का बघा. मग बोटावर तोलून कडेला हलकं टिचकी मारा. नाद मध्येच खरखरला किंवा अचानक तुटला तर कुठेतरी तडा आहे, दिसो वा न दिसो. काळपटपणा आणि पुसलेला लोगो हे दोष नव्हेत, उलट त्यामुळे भाव कमी होतो.

स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत ठेवा आणि प्रश्न ७ मधल्या अंदाजाशी ताडून बघा. शेवटी फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून बाहेर जाऊन ऐका. फोनचा माइक साधा असतो, आणि म्हणूनच टोचणारा सूर तो लपवत नाही.

१४. नवीन घ्यायचं तर ऐकून कुठे बघता येईल?

धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यविक्रेत्यांचं जुनं दुकान आहे. ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. आधी फोन करून तुमची मालिका दुकानात लावलेली आहे का विचारा. येताना संध्याकाळची गर्दी टाळा आणि २० इंची राइड पाठीवरच्या सिंबल बॅगेत घ्या. हातात धरून डब्यात चढलात तर कड आपटणार.

१५. पावसाळ्यात काळे-हिरवे डाग पडतात. पितांबरीने घासू का?

पितांबरी भांड्यांसाठी आहे. सिंबलवर घासली तर लोगो जाईल, आणि ज्यांवर संरक्षक थर असतो त्यांचा थरही. चिंच आणि लिंबाचंही तेच. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, सिंबलवरच्या गोल खाचांच्या दिशेने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. खाडीजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे वाशी, ऐरोली, कोपरी, वाजवून झाल्यावर बोटांचे ठसे पुसायची सवय लावावी आणि जूनमध्ये बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. सारखा, एकरंगी काळपटपणा आला तर राहू द्या. त्याने आवाज बिघडत नाही. चमक फक्त डोळ्यांसाठी असते.

१६. कडेला तडा गेलाय. वेल्डिंग करून घेऊ?

अजिबात नाही. उष्णतेने धातूचा ताव जातो आणि आवाज मरतो. लहान तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात किंवा तेवढी कड गोलाईत कापून टाकतात. तडा पुढे सरकणं बहुधा थांबतं. पितळी सिंबलवर हा खर्च करू नका. आणि पुढच्या वेळी वरचा विंग नट सैल ठेवा: आवळलेलं सिंबल हलू शकत नाही, म्हणून फुटतं.

१७. ढोल-ताशा पथकातली झांज स्टँडला लावली तर?

हसू नका, हा प्रश्न दर गणपतीनंतर येतो. ती झांज जाड, लहान आणि जोडीने आपटण्यासाठी असते. काठीने मारली तर घंटेसारखा एकच तीक्ष्ण सूर निघतो, क्रॅशचा फुगारा नाही. क्रॅश म्हणून निरुपयोगी, पण बेलसारखा एखादा ठळक ठोका हवा असेल तर दोरीने टांगून वाजवा, रेकॉर्डिंगमध्ये मजा येते.

१८. हाय-हॅटचं वरचं एक आणि खालचं दुसरंच, असं चालतं का?

चालतं. खालचं जड आणि वरचं हलकं, एवढं पाळा. वरचं फुटलं म्हणून जोडी टाकून देऊ नका. एखादं पातळ १४ इंची सिंबल वर लावून बघा. बंद करताना 'फस्' होऊन आवाज अडकत असेल तर आत हवा कोंडते आहे: स्टँडच्या खालच्या स्क्रूने खालचं सिंबल किंचित तिरकं करा.

१९. मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्षभरात तिने सोडून दिलं तर पैसे वाया जाणार ना?

पितळी पॅक घेतलात तर बऱ्यापैकी वाया, कारण तो जुन्या बाजारात फारसं कुणी विचारत नाही. बी८ ची हाय-हॅट जोडी किंवा जुनं बी२० सिंबल घेतलंत तर जवळपास घेतलेल्या भावाच्या आसपास विकलं जातं, तडा नसेल तर. बिल, मूळ पिशवी आणि वजनाचा आकडा जपून ठेवा. विकताना पहिला प्रश्न वजनाचाच येतो.